तुम्ही विचारलेत म्हणून

गेली सहा वर्षे मी अमळनेरच्या न्यायालयात वकिली करते. माझ्या पाटीवर नावाखाली ‘बी.कॉम. एलएल.बी.’ असे मध्ये स्वल्पविराम न देता लिहिलेले आहे, त्यामुळे तो स्वल्पविराम रंगाऱ्याकडून राहून गेला की काय, इथपासून चौकशीला सुरुवात होते. तो राहिलेला नाही. पाच वर्षांचा तो एकच अभ्यासक्रम आहे. एवढे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग सरळ सीएच का नाही झालीस? नाहीतर गावातच बी.कॉम. करून मग लॉ करायचं. दोन्ही एकत्र करून नेमकं मिळालं काय?’ विचारणाऱ्यांत पक्षकार आहेत, ज्येष्ठ वकील आहेत आणि माझे सख्खे मामाही आहेत. आजवर मी प्रत्येकाला त्याच्या तोंडाकडे पाहून वेगवेगळे उत्तर देत आले, आणि त्यातले एकही पूर्ण खरे नव्हते.

सर्वांत सोयीचे उत्तर एक वर्ष वाचते, हे होते. बी.कॉम.ची तीन आणि नंतर कायद्याची तीन अशी सहा वर्षे होतात, संयुक्त पदवीला पाच लागतात. हिशेब कुणालाही पटतो आणि विषय संपतो. पण वाचलेल्या त्या वर्षाचे मी काय केले असे कुणी विचारले असते, तर मला सांगता आले नसते. पदवी हाती आल्यापासून सनद मिळून पहिले वकीलपत्र दाखल करेपर्यंत जे महिने गेले आणि त्यानंतर ज्येष्ठांच्या मागे फायली उचलत जे दिवस काढले, त्यांत ते कधीच विरघळून गेले.

न सांगितलेले कारण असे, की जून २०१४ मध्ये मी सीपीटी दिली होती. सीएच्या वाटेवरची तेव्हाची ती पहिली परीक्षा. २०० पैकी १०० गुण लागत, मला ८७ पडले. ‘मला कायद्याची आवड आहे’ हे वाक्य आमच्या घरात त्या निकालानंतर आठवडाभराने प्रथम उच्चारले गेले. आवड पुढे आली, हे खोटे नाही. ती आधीपासून होती असे जे मी इतकी वर्षे सांगितले, ते खोटे आहे. मावशी सुरतेच्या उधन्याला राहत होती, सुरत–भुसावळ मार्गावरची गाडी अमळनेरला थांबते, आणि सुरतेत निम्मी वस्ती आपलीच असल्यासारखी आई बोलत असे. तेव्हा सुरतेतल्या एका महाविद्यालयात संयुक्त पदवीला नाव घातले गेले. मुलगी हिशेबही शिकेल आणि कायदाही, असे म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेढे वाटले. नानांचे सरकी ढेपेचे, म्हणजे गुरांच्या खाद्याचे दुकान. त्यांना या दोन्ही गोष्टी रोज लागत आणि दोन्हींसाठी बाहेर पैसे मोजावे लागत.

वर्ग कसे चालत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून एकच उदाहरण देते. भागीदारी संस्थेचे विसर्जन आणि एखाद्या भागीदाराची दिवाळखोरी हा प्रकरणाचा भाग आम्ही हिशेबशास्त्रात शिकलो. त्यात ‘गार्नर विरुद्ध मरे’ नावाचा नियम येतो : दिवाळखोर भागीदाराच्या खात्यातली तूट उरलेल्या भागीदारांनी नफ्याच्या नव्हे, तर भांडवलाच्या प्रमाणात सोसायची. मी त्यावरची दहा-बारा गणिते बिनचूक सोडवली. त्याच सत्रात, त्याच खोलीत, तासाभराच्या अंतराने १९३२ चा भागीदारी कायदाही आम्हाला शिकवला जात होता. तरीही गार्नर आणि मरे ही एका खटल्यातल्या दोन माणसांची नावे आहेत आणि ज्याला मी सूत्र समजत होते तो इंग्लंडमधल्या न्यायालयाचा जवळजवळ १२० वर्षांपूर्वीचा निवाडा आहे, हे मला वकील झाल्यावर कळले. हिशेबाच्या सरांना तो निवाडा म्हणून सांगायचा नव्हता, कायद्याच्या बाईंच्या यादीत तो नव्हता, आणि ‘विरुद्ध’ हा शब्द डोळ्यांसमोर असताना मला विचारावेसे वाटले नाही. दोन्ही विषय एका गुणपत्रिकेवर शेजारी शेजारी छापलेले असत. त्यांची एकमेकांशी ओळख करून देणे हे कुणाच्याच कामात बसत नव्हते.

हे सांगताना मला हसू येते. पुढचे सांगताना येत नाही.

चोपडा तालुक्यातले एक व्यापारी वीसेक वर्षे नानांकडून ढेप नेत असत. (सुरतेत हिशेबाच्या वहीला चोपडा म्हणतात. पहिल्या वर्षी तिथल्या मैत्रिणींना आमच्या शेजारच्या तालुक्याचे नाव सांगितले, तेव्हा त्या खूप हसल्या होत्या.) त्यांचा शेवटचा माल ऑक्टोबर २०१४ मध्ये गेला आणि खात्यावर ३,१२,००० रुपये येणे राहिले. २०१५ च्या दिवाळीत त्यांनी २०,००० रुपये रोख दिले, २०१६ च्या दिवाळीत १५,०००. दोन्ही रकमा नानांनी स्वतःच्या हाताने वहीत जमा केल्या. पाडव्याला नवी वही उघडताना ‘मागील बाकी’ म्हणून २,७७,००० रुपये पुढे ओढले, आणि हळदीकुंकवाची बोटे पुसत मला विचारले, ‘वकिलाकडे जाऊ का आता? की थांबू?’

मी तिसऱ्या वर्षाला होते. मी खतावणी, म्हणजे खात्यांची वही, मागून घेतली, रोजमेळाशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी, एकेक नोंद पडताळली, ताळा जमवला आणि फुलस्केप कागदावर खातेउतारा तयार केला. तो अजून माझ्यापाशी आहे : पट्टीने मारलेल्या रेघा, नावे डावीकडे, जमा उजवीकडे, बाकीच्या आकड्याखाली शिकवल्याप्रमाणे दुहेरी रेघ. उधारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते एवढे मी कुठेतरी ऐकले होते. शेवटची नोंद याच दिवाळीची, म्हणजे मुदत २०१९ पर्यंत आहे, असे मी सांगितले आणि वर व्यवहारातले शहाणपणही जोडले, की एवढ्या जुन्या गिऱ्हाइकाशी संबंध आत्ताच कशाला बिघडवायचे. नाना थांबले.

जानेवारी २०१८ मध्ये, चौथ्या वर्षी, मुदतीचा कायदा, म्हणजे १९६३ चा लिमिटेशन अ‍ॅक्ट सुरू झाला. उधारीची कुठली मुदत ठरलेली नसेल, तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी माल पोचता केल्याच्या तारखेपासून तीन वर्षे मोजतात, आणि प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्र चालते. मध्येच काही रक्कम दिली गेली तर कलम १९ खाली मुदत नव्याने सुरू होते खरी, पण त्या रकमेची कबुली देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असावी लागते. येणेकऱ्याने आपल्या वहीत आपल्या हाताने लिहिलेली जमा त्यासाठी चालत नाही. बाई कलम वाचत होत्या आणि मी बाकाखाली बोटांवर महिने मोजत होते. ऑक्टोबर २०१४ अधिक तीन म्हणजे ऑक्टोबर २०१७; तीन महिने उलटून गेले होते. उशीर माफ करून घेता येतो असे वाचल्याचे आठवून मी हात वर केला. ती सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही, असे बाईंनी सांगितले आणि प्रश्न चांगला आहे म्हणून शाबासकीही दिली.

फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही. शनिवारी घरी आले, नानांना एवढेच म्हटले की एका कागदावर सही घ्यायला जायचे आहे. १८७२ च्या करार कायद्यातले कलम २५ मुदत गेलेल्या कर्जालाही जीव देते, पण त्यासाठी देणेकऱ्याने ते फेडण्याचे लेखी वचन सहीनिशी द्यावे लागते. तसे वचन मी टंकून आणले होते. तापीचा पूल ओलांडून आम्ही मोटारसायकलवरून गेलो. त्या व्यापारी काकांनी चहा केला, माझे वर्ष विचारले, कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘बेटा, सही कसाले? मी काय पळी जाई ऱ्हायनू का?’ मग त्यांनी त्या कागदाची चौघडी केली, बंडीच्या खिशात ठेवली आणि वाचून पाठवतो म्हणाले. तो कागद परत आला नाही. त्यांनी वकिलाला दाखवला असेल, तर त्या वकिलाने योग्य तोच सल्ला दिला. त्यांच्या जागी मीही तोच दिला असता.

परतताना पेट्रोल पंपावर नानांनी विचारले, ‘म्हणजे मी तुला विचारलं, तेव्हाच गेलो असतो तर?’ मी हो म्हटले. त्यांनी पेट्रोलचे पैसे दिले, सुटे मोजून घेतले आणि घरापर्यंत दुसरे काही बोलले नाहीत. घरीही नाहीत. आईला आजही असे वाटते, की ते काका नादार झाले.

यावर माझा बचाव तयार असतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, सनद नव्हती. पावणेतीन लाखांचा प्रश्न वकिलाला फी देऊन विचारायचा असतो, मुलीला दिवाळीच्या फराळात नव्हे. नानांनी वीस वर्षांत एकाही रोख रकमेच्या नोंदीपुढे देणाऱ्याची सही घेतली नाही, हा दोष माझ्या पदवीचा नाही. त्या रकमा चेकने आल्या असत्या, तर चेकवरची सहीच कामी आली असती. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली आणि तिचे शेअर सर्टिफिकेट ट्रंकेत जपून ठेवणाऱ्यांची घरे पुढे बांधली गेली, त्या गावातल्या व्यापाऱ्याला सहीच्या कागदाची किंमत मी सांगावी लागावी का? हे सगळे मी स्वतःशी अनेकदा म्हटले आहे.

मात्र मी नुसती बी.कॉम. असते, तर नानांनी मला विचारलेच नसते. नुसती कायद्याची विद्यार्थिनी असते, तर मी ‘अजून शिकलेले नाही’ म्हटले असते. ताळा जमला होता, म्हणून मला खात्री वाटली. वहीत उधारीला वय नसते; दर पाडव्याला बाकी नव्या वहीत जाते आणि पुन्हा ताजी दिसते. कायद्यात तिला तीन वर्षांचे आयुष्य. ज्या दोन विषयांच्या सांध्यावर मला बसवले होते, त्या सांध्यावरच मी पडले.

एवढे ऐकल्यावर ‘म्हणजे सीएच बरं होतं’ असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी भांडते. लेखापरीक्षणावर सही करण्याचा अधिकार मला नाही आणि कधी असणार नाही, हे खरे. पण गेल्या वर्षी एका उधारीच्या दाव्यात समोरच्या पक्षाने सुट्या कागदांची चवड ‘हिशेबाची वही’ म्हणून पुढे केली, तेव्हा माझ्या ज्येष्ठांनी ती माझ्याकडे सरकवली. नियमाने ठेवलेल्या वहीतली नोंद पुराव्यात येते, पण तेवढ्यावरून कुणावर देणे बसत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याचे कलम ३४ सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ सांगते. सुटी पाने म्हणजे वही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये व्ही. सी. शुक्ला प्रकरणात सांगितले आहे. हे कोणताही वकील शोधून काढील. त्या पानांवर एकाही दिवसाची आरंभीची शिल्लक आदल्या दिवशीच्या अखेरच्या शिल्लकेशी जुळत नाही, हे मला दहा मिनिटांत दिसले. उलटतपासणीतले ते चार प्रश्न माझे होते. असे वर्षातून एखाददा घडते. एरवी माझे काम चेक परत आल्याच्या फिर्यादींचे : बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर १५ दिवस वाट, मग महिन्याच्या आत फिर्याद. त्याला ना बी.कॉम. लागते ना संयुक्त पदवी. भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. गिऱ्हाइकालाही पदवीशी कर्तव्य नसते. ‘मना पैसा भेटतीन का नही, इतलंच सांग,’ असे एक केळीवाले आजोबा मला सरळ म्हणाले, आणि मी तारखा पाहिल्याशिवाय तोंड उघडले नाही.

आता धरणगावची मामेबहीण बारावी झाली आहे आणि तिला हाच अभ्यासक्रम घ्यायचा आहे. तिला मी एप्रिलमध्ये घे म्हटले, मे महिन्यात नको म्हटले, आणि परवा मामा फोनवर चिडून ‘एक काहीतरी सांग’ म्हणाले, तेव्हा विचार करून कळवते म्हणून फोन ठेवला. नाना शेजारीच वही लिहीत बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘तिला विचार, मुदतीचा कायदा कितव्या वर्षाला आहे.’

मी त्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक उघडून पाहिले. चौथ्याच वर्षाला आहे.