माझ्या नावावरचं दुसऱ्याचं कर्ज आणि फौजदारी कोर्ट

वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तेव्हा कळलं, की माझ्या नावाने कुणीतरी ऑनलाइन कर्ज उचललंय. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार, ठाण्यात जबाब, मग एफआयआर, हा भाग सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखाच येतो. पुढे कोर्टात काय होतं, याबद्दल मात्र मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

गुन्हा १ जुलै २०२४च्या आधीचा, त्यामुळे कलमं जुनीच लागली: माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी आणि ६६-डी (मोबाइल-संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणूक), भादंविची, म्हणजे भारतीय दंड विधानाची, फसवणुकीसाठी ४२० आणि बनावट दस्तासाठी ४६८. आता तसाच गुन्हा घडला तर भादंविऐवजी भारतीय न्याय संहिता लागते. ६६-सी मात्र आहे तिथेच आहे: दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आरोपी म्हणजे पूर्वीच्या एका कर्जासाठी माझी कागदपत्रं घेऊन गेलेला एजंट. त्याला अटक होईल असं मी धरून चालले होते. झाली नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. त्याला हजर राहण्याची नोटीस गेली, तो आला, जबाब देऊन घरी गेला. राग आला, पण तपास त्यामुळे अडला नाही. माझ्या नावाचं बोगस सिम ज्या हँडसेटमध्ये चाललं, त्याच हँडसेटमध्ये त्याचं स्वतःचं सिमही चाललं होतं. आयएमइआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, जुळला आणि प्रकरण उभं राहिलं.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर तारखा सुरू झाल्या. फिर्यादीला प्रत्येक तारखेला जावं लागत नाही, साक्षीचं समन्स आलं की जायचं. सीएनआर, म्हणजे खटल्याचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक, टाकला की पुढची तारीख आणि कामकाज मोबाइलवर दिसतं.

दोषारोप निश्चित व्हायच्या सुमारास आरोपीच्या वकिलांनी तडजोडीचा विषय काढला. ‘मॅडम, कर्जाचे पैसे भरून टाकतो, वर काही रक्कम देतो, मिटवून टाकू.’ घरच्यांनाही ते पटत होतं. सहायक सरकारी वकील मॅडमना विचारलं तर त्यांनी कायद्याचं पुस्तकच पुढे सरकवलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७७-ए कलमात कोर्टाला तडजोड मान्य करता येते, पण गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा अठरा वर्षांखालच्या मुलाविरुद्ध असेल तर नाही. शिक्षेबाबत वाटाघाटीची जी तरतूद आहे, प्ली बार्गेनिंग, तीही स्त्रीविरुद्धच्या गुन्ह्याला लागू नाही. ४६८ची तडजोड होतच नाही. ४२०ची कोर्टाच्या परवानगीने होते, पण फसवली गेलेली व्यक्ती तयार असेल तर. आणि कागदोपत्री फसवली गेली होती ती कर्ज देणारी कंपनी, मी नव्हे! उरला एकच रस्ता, संमतीने गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज. तिथे माझं प्रतिज्ञापत्र लागलं असतं. मी नाही म्हटलं. पैसे घेऊन मिटवलं असतं, तर कर्ज मी काढलंच नव्हतं हे कोर्टाच्या कागदावर कुठेच आलं नसतं, आणि मला हवा होता तो नेमका तोच कागद.

साक्षीच्या दिवशी सरतपास, म्हणजे आपल्याच बाजूच्या सरकारी वकिलांचे प्रश्न, पटकन उरकला. उलटतपास लांबला. आरोपीच्या वकिलांनी सिमच्या अर्जाची स्कॅन प्रत समोर धरली.

‘हा फोटो तुमचाच ना?’

‘हो.’

‘आधार क्रमांक?’

‘माझाच.’

‘पत्ता?’

‘माझाच आहे.’

‘म्हणजे अर्ज तुमचाच.’

‘सही माझी नाही.’

फोटोच्या कोपऱ्यात शिक्क्याची अर्धी गोल कड दिसत होती. तो माझ्या जुन्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवरून कापलेला होता. मी ते बोट ठेवून दाखवलं आणि न्यायाधीशांनी ते साक्षीत टिपून घेतलं. आधी पैरवीच्या, म्हणजे कोर्टात पोलिसांतर्फे खटल्याचं काम बघणाऱ्या, हवालदारांनी सांगून ठेवलं होतं, ‘ताई, विचारतील तेवढंच बोला, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.’ वकिलांच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा हे जास्त कामी आलं.

खरी लढाई झाली ती प्रमाणपत्रांवर. मोबाइल कंपनीचे कॉल तपशील, कर्ज ॲपचे लॉग, हे सगळं संगणकातून काढलेलं. अशा पुराव्यासोबत पुरावा कायद्याच्या ६५-बीचं प्रमाणपत्र लागतंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली खोतकर-गोरंट्याल प्रकरणात ठरवलंय. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून आलेला हा निकाल माझ्यासारखीच्या खटल्यात रोज उद्धृत होतो. नव्या साक्ष अधिनियमात तेच आता कलम ६३ आहे. कॉल तपशिलांचं प्रमाणपत्र सुरुवातीला जोडलेलंच नव्हतं. सरकारी वकिलांनी अर्ज देऊन कंपनीचे नोडल अधिकारी (पोलीस-कोर्टाला माहिती देण्यासाठी नेमलेले) बोलावले, त्यांनी ते हजर केलं. त्यात बऱ्याच तारखा गेल्या. बँकेचे उतारे मात्र बँकर्स बुक्स कायद्याखालच्या दाखल्यासह आले होते, त्यावर वाद झाला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने केला तर तोही बचावाचा मुद्दा होतो. इथे निरीक्षकांनीच केला होता, त्यामुळे तो टिकला नाही.

निकालात ६६-सी, ६६-डी आणि ४२० सिद्ध झाली. ४६८मधून संशयाचा फायदा मिळून तो सुटला, कारण सहीचा मूळ कागदच नव्हता आणि स्कॅनवरून हस्ताक्षरतज्ज्ञ मत द्यायला तयार नव्हते. शिक्षेवर ऐकताना त्याच्या वकिलांनी पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, अशी विनंती केली. ती फेटाळली गेली. एक वर्ष कैद, दंड, आणि दंडातून मला भरपाई. अपिलासाठी शिक्षा तिथल्या तिथे स्थगित झाली आणि तो जामिनावर घरी गेला. पुन्हा राग आला, पण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत हे नेहमीचंच आहे.

क्रेडिट रिपोर्टमधलं कर्ज या निकालाने आपोआप पुसलं जात नाही. ते काम आपणच करायचं. एफआयआर झाल्याबरोबर मी क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवून हा रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीकडे, वाद नोंदवला होता. तो तीस दिवसांत मिटवावा लागतो, आणि २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. पण कर्ज देणारी कंपनी ‘आमच्या नोंदीनुसार बरोबर आहे’ असं कळवून मोकळी झाली होती. निकालाच्या दोन सत्यप्रती काढल्या आणि एक त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना दिली. त्यांचं म्हणणं, ‘अपील चालू आहे, शिक्षेला स्थगिती आहे.’ स्थगिती शिक्षेच्या अंमलाला आहे, दोषसिद्धीला नाही, हे मी आदेशातली ओळ अधोरेखित करून लेखी कळवलं. पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज नव्हतं. अपील अजून सत्र न्यायालयात आहे.