ओपन की लिमिटेड स्लिप?

‘शाळेबद्दल काहीही लिहा,’ असं स्मरणिका समितीने कळवलं आहे. त्या ‘काहीही’चा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. प्रार्थना, सहली आणि स्नेहसंमेलन यांवर माझ्याहून चांगलं लिहिणारे बरेच जण आपल्या वर्गात होते. मी लिहिणार आहे डिफरन्शियलवर, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या एक्सलमधल्या गिअरच्या जुळणीवर. साधं असेल तर ते ‘ओपन’; एका चाकाच्या घसरण्याला लगाम घालणारं असेल तर ‘लिमिटेड स्लिप’. जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांना ती आधी तपासून देणं हा माझा व्यवसाय. ‘हिला लिमिटेड स्लिप आहे बरं का,’ असं विकणारा छातीठोकपणे सांगतो तेव्हा मी काय करते, याचं उत्तर आपल्या तांत्रिक विभागाच्या कार्यशाळेत सापडतं.

तिथे मोटारीचा एक मागचा एक्सल लोखंडी घोडीवर बसवलेला होता. हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, तुकडा कापून काढलेला असल्यामुळे पिनियन (इंजिनाकडून फिरणारं छोटं दातेरी चाक), त्याने फिरणारं मोठं क्राउन व्हील आणि आतले छोटे स्पायडर गिअर उघड्यावर दिसायचे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचा पल्ला कापावा लागतो, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी योजना लागते, हे पुस्तकात होतंच. सर ते वाचून दाखवत नसत. एकाला पिनियनचं टोक घट्ट धरायला सांगायचे आणि दुसऱ्याला डावा हब (चाक जिथे बसतं तो भाग) फिरवायला. डावा पुढे गेला की उजवा तेवढाच मागे जायचा. पहिल्यांदा बघणारा हसतोच.

मग मोजणी. क्राउन व्हीलला ४१ दात आणि पिनियनला १०. उजवा हब शिकंज्यात पकडायचा, डावा फिरवायचा आणि पिनियनच्या फेऱ्या मोजायच्या. डाव्याची एक फेरी झाली की पिनियनच्या दोनच्या किंचित वर व्हायच्या. दोन झाल्या की चारच्या किंचित वर, म्हणजे ४.१. एक चाक स्थिर असेल तर क्राउन व्हील दुसऱ्याच्या निम्म्या गतीने फिरतं; दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी म्हणजेच क्राउन व्हीलच्या फेऱ्या. गाडीखाली पडून फायनल ड्राइव्हचं प्रमाण (क्राउन व्हीलच्या एका फेरीमागे पिनियनच्या फेऱ्या) मोजताना हे आजही उपयोगी पडतं. एक चाक वर आणि एक जमिनीवर असेल, तर वरच्याला दोन फेऱ्या द्यायच्या, एक नाही. ओपन डिफरन्शियलचं प्रमाण एकाच फेरीवर मोजणारे भेटतात आणि निम्मा आकडा घेऊन जातात.

पण सरांचा खरा तास त्यानंतर सुरू व्हायचा. कोणाला न सांगता ते उजव्या हबचं बेअरिंग जरा आवळून ठेवायचे आणि पिनियन मोकळं सोडायचे. आता डावा हब फिरवला की उजवा जागचा हलायचा नाही, पिनियनच फिरायचं. ‘काय, बिघडलं का?’ असं विचारायचे. बिघडलं काहीच नव्हतं. ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला गती गेली, एवढंच. आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा: ‘हेच दुसऱ्या कशामुळे झालं असतं का?’ रसायनशास्त्राच्या प्रयोगातही हाच प्रश्न, विजेच्या मंडलातही हाच. परीक्षेत त्याला गुण नव्हते, त्यामुळे बरेचसे कंटाळायचे. मला तो आवडायचा, कारण त्याचं उत्तर पाठ करता येत नसे.

त्याच एक्सलवर ताणकाट्याचा प्रयोगही होता आणि तो मी पुढे कुठल्याही शाळेत पाहिला नाही. दोन्ही हबना सारख्या लांबीच्या लाकडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या टोकाला एकेक ताणकाटा अडकवलेला. पिनियन फिरवायचा जोर लावला की दोन्ही काटे सारखंच वजन दाखवायचे. एका बाजूचा ताणकाटा सैल सोडला की दुसरा काटाही लगेच खाली यायचा. ‘घसरणाऱ्या चाकालाच सगळा जोर जातो’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. ते चूक आहे. ओपन डिफरन्शियल टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, नेहमी सारखाच वाटतं (आतल्या गिअरचं किरकोळ घर्षण सोडलं तर); चिखलातलं चाक ५० न्यूटन मीटरच पेलू शकत असेल तर कोरड्या जागेवरच्या चाकालाही ५०च मिळतात. गाडी जागची हलत नाही ती त्यामुळे. घसरणारं चाक फिरताना दिसतं, म्हणून जोर तिकडे गेला असं डोळ्यांना वाटतं. गती आणि जोर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या दोन काट्यांनी दाखवलं.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ही समान वाटणी मोडतं. मोटारशर्यतींच्या इतिहासातलं उदाहरण ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाडीचं. इंजिन इतकं ताकदवान की मागचं एक चाक जागच्या जागी भिरभिरायचं. फर्डिनंड पोर्शे यांनी १९३५ मध्ये झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला. आज बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात. पहिली क्लच प्लेटची: स्प्रिंगने दाबलेल्या प्लेट दोन्ही बाजूंच्या गिअरना केसशी (क्राउन व्हीलबरोबर फिरणाऱ्या डब्याशी) थोडंफार जखडून ठेवतात. दुसरी नुसत्या गिअरची. टॉर्सन हे तिचं प्रसिद्ध नाव. यात तिरकस दातांचं घर्षणच जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क ढकलतं. तिसरी व्हिस्कस, म्हणजे दाट सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या चकत्या. बाहेरून हाउसिंग तिन्हींचं सारखंच दिसू शकतं. तिथेच विकणाऱ्याचं फावतं.

माझी तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी सुरक्षिततेचं. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो आणि चाचणीसाठी तो सोडावा लागतो, म्हणून मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागची दोन्ही चाकं वर, वजन स्टँडवर (नुसत्या जॅकवर कधीच नाही), इंजिन बंद. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच उलट. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलट दिशेला गेलं तर ओपन, त्याच दिशेला आलं तर लिमिटेड स्लिप. बहुतेक लोक इथे थांबतात, हात पुसतात आणि व्यवहार करून टाकतात.

सरांचा प्रश्न इथे लागतो. ओपन असूनही दुसरं चाक उलट फिरलं नाही, असं होईल का? होईल. त्या चाकाचा ब्रेक जरा घासत असेल तर ते जागेवर बसेल आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंतचा दांडा) फिरेल. सरांनी आवळलेलं बेअरिंग ते हेच. उलट, लिमिटेड स्लिप असूनही दुसरं चाक उलट जाईल का? तेही जाईल, प्लेट झिजल्या असतील तर. म्हणून दुसरा टप्पा. आता गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची (इंजिन अर्थातच बंद, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये). पिनियन जखडलं गेलं, त्यामुळे गतीला पळवाट उरली नाही. एक चाक फिरवलं तर दुसऱ्याने उलट जायलाच हवं, नाहीतर पहिल्यानेही हलता कामा नये. ओपन असेल तर सहज फिरतं. प्लेटचं आणि प्लेट धड असतील तर हाताला दाद देत नाही. व्हिस्कस असेल तर हळू फिरवताना फिरतं आणि झटका दिला की अडतं, काकवीत घातलेल्या पळीसारखं. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही.

उरलं टॉर्सन. ज्या टॉर्सनमध्ये सुरुवातीचा दाब देणाऱ्या स्प्रिंग नसतात, ते दोन्ही चाकं हवेत असताना जवळजवळ ओपनसारखंच वागतं. त्याचं घर्षण टॉर्क आल्यावर जागं होतं आणि हवेत टॉर्क घेणारं कोणी नसतं. एका बाजूला ५० न्यूटन मीटर असतील तर ते दुसऱ्या बाजूला त्याच्या काही पट, समजा तिप्पट, म्हणजे १५० देऊ शकतं. पण शून्याची तिप्पट शून्यच. म्हणून चालवतानाही एक चाक पूर्ण उचललं गेलं की टॉर्सन हतबल होतं आणि हलकासा ब्रेक दाबून त्याला थोडा अडथळा द्यावा लागतो. अशा गाडीत चाकं फिरवून निर्णय देणं मी टाळते. माझदा एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत १.६ लिटर इंजिनाबरोबर व्हिस्कस मिळायचं, पुढे १.८ लिटरबरोबर टॉर्सन आलं, आणि दोन्ही वेळा ओपन असलेल्या गाड्याही विकल्या गेल्या. बॉनेटवरचा बिल्ला बघून काय सांगणार? तिथे फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) काढून आत दिवा मारावा लागतो, नाहीतर मागचं झाकण उघडावं लागतं. ओपनमध्ये स्पायडर गिअर आणि त्यांच्यामधली मोकळी जागा स्वच्छ दिसते.

हाउसिंगवरची पट्टी जरूर वाचावी. क्लच प्लेटच्या प्रकाराला खास तेल किंवा घर्षण कमी करणारं मिश्रण लागतं, म्हणून कारखान्यातून ‘फक्त लिमिटेड स्लिपसाठीचंच तेल वापरा’ अशी सूचना लावलेली असते. पट्टी आहे म्हणजे आतलं मूळ डिफरन्शियल शाबूत आहे असं नव्हे. पूर्ण एक्सल बदललेल्या गाड्या येतात. चुकीचं तेल घातलं असेल तर पार्किंगमधल्या घट्ट वळणावर मागून थरथर जाणवते, कट-कट आवाज येतो. हा आवाज ऐकला की विकणारा ओशाळतो आणि मी खूश होते, कारण आत प्लेट आहेत याचा तो चांगला पुरावा आहे.

सैल खडीवर जोरात निघून मागे उमटलेले पट्टे बघायचे, एक पट्टा म्हणजे ओपन आणि दोन म्हणजे लिमिटेड स्लिप, ही पद्धत तरुण मंडळींना फार प्रिय आहे. मला ती फारशी पटत नाही. मागे सरळ अखंड एक्सल असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे सहसा उजवं चाक जरा उचललं जातं आणि तेच आधी घसरतं, इथवर ठीक. पण आजच्या बऱ्याच गाड्यांत घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक संगणकच दाबतो. ब्रेकचा अडथळा आला की ओपनसुद्धा तेवढाच जादा टॉर्क दुसऱ्या बाजूला देतं, ताणकाट्याच्या नियमानेच. खडीवर दोन पट्टे उमटतात, आत मात्र साधं ओपन. डॅशबोर्डवरचं बटण दाबून ही यंत्रणा बंद केली तरी काही गाड्यांत ती पूर्ण बंद होत नाही.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. लिमिटेड स्लिप असण्याची शक्यता असलेल्या गाडीचं एकच चाक वर उचलून, इंजिन सुरू करून गिअर टाकू नका. ओपनमध्ये वरचं चाक नुसतं फिरत राहतं, म्हणून अनेकांना ही सवय असते. लिमिटेड स्लिपमध्ये जमिनीवरचं चाकही जोर घेतं आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते. आणि अशा गाडीच्या चालत्या चाकांना कमी-जास्त झिजलेले टायर जोडीने लावू नयेत, बारीक स्टेपनीवर तर लांब जाऊच नये. व्यास वेगळे असले की सरळ रस्त्यावरही दोन चाकांच्या गतीत फरक राहतो आणि बिचाऱ्या प्लेट सतत घासत बसतात.

समितीने देणगीबद्दलही विचारलं आहे. रोख रकमेचं मी वेगळं कळवते. त्याशिवाय माझ्याकडे क्लच प्लेटचं एक जुनं डिफरन्शियल आहे, हाउसिंगसकट. त्याच्या प्लेट इतक्या झिजल्या आहेत की दोन्ही टप्प्यांत ते अगदी ओपनसारखं वागतं. झाकण उघडल्याशिवाय ओळखू येत नाही. कार्यशाळेतल्या कापलेल्या एक्सलशेजारी ते ठेवावं, झाकण बंद ठेवून आणि नावाची पट्टी न लावता, अशी विनंती आहे. तेल पूर्ण काढून पाठवेन. वजन बरंच आहे, तेव्हा घोडी मजबूत हवी, आणि झाकणाच्या बोल्टना लागणारे पाने सोबतच देते.