क्यूआय हा शब्द असतो का? तुम्ही विचारलेत म्हणून

माझ्याबरोबर स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावरच्या घरांत मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा आणि त्यांचे गुण मिळवण्याचा खेळ) खेळायला बसणारे नवे लोक कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच: क्यू आणि आय मिळून होणाऱ्या क्यूआयसारखे दोन-दोन अक्षरी शब्द इंग्रजीत खरोखर असतात का, आणि असलेच तर त्यांचे अर्थ तुम्हाला ठाऊक असतात की नुसती यादी घोकलेली असते? तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

असतात, आणि कोणता शब्द चालतो हे भांडून ठरवावे लागत नाही. भारतात आणि जगाच्या बऱ्याच भागांत स्पर्धांसाठी कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाची शब्दयादी प्रमाण मानतात, तर अमेरिका आणि कॅनडा यांची मुख्य यादी वेगळी आणि त्याहून आखूड आहे. कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७ होते. एवढे शब्द चांगले पाठ असलेला खेळाडू, एरवी उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या पण हे शब्द माहीत नसलेल्या माणसाला सहसा हरवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याचे कारण पटाच्या रचनेत आहे. हातातल्या सातही टाइल एका खेळीत लावल्या तर ५० गुण जादा मिळतात, म्हणून लांब शब्दांचा मान मोठा. पण लांब शब्द बसवायला जागा हवी, आणि आधीच्या शब्दाला अगदी खेटून समांतर शब्द लावायचा तर एकाखाली एक येणारी अक्षरांची प्रत्येक जोडीही यादीतला शब्द असावी लागते. समजा, पटावर ‘टॅक्सी’ आडवा लागलेला आहे आणि त्यातल्या शेवटच्या आय या अक्षराच्या वरचे घर तिप्पट अक्षरगुणांचे आहे. तिथे क्यू ठेवून त्याच्या उजवीकडच्या साध्या घरात दुसरा आय ठेवला की क्यूआय हा शब्द आडवाही होतो आणि उभाही. क्यूचे १० गुण तिप्पट होऊन ३०, त्यात आयचा १, आणि हे ३१ दोन्ही दिशांनी मोजायचे, म्हणजे केवळ दोन टाइलचे ६२ गुण झाले. या शब्दाचा उच्चार ‘ची’ असा असून चिनी विचारातली प्राणशक्ती असा त्याचा अर्थ आहे. अमेरिकेतल्या यादीत तो २००६ मध्ये आला, आणि त्याच वेळी पिझ्झाचे बोलीतले रूप असलेला झेडए हा शब्दही आला. १०० टाइलच्या संचात क्यू एकच आणि यू चार असतात, त्यामुळे यूवाचून क्यू उतरवता येणे किती मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको.

अर्थाचे म्हणाल तर खेळायला तो लागत नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी शब्द तेवढे पाठ केले होते. (इंग्रजी स्क्रॅबलचे पहिले विश्वविजेतेपद त्यांनी २००७ मध्ये आपल्या मुंबईतच मिळवले.) मला मात्र अर्थाशिवाय शब्द लक्षात राहत नाही. शिवाय अर्थावरून शब्दाची जात कळते: क्यूआय हे नाम असल्याने त्याला पुढे एस लागतो, आणि गप्प करण्यासाठी काढलेला एसएच हा उद्गार असल्याने त्याला लागत नाही.

हल्ली सर्वांत जास्त आक्षेप एआय या शब्दावर येतो. आद्याक्षरांचे संक्षेप चालत नाहीत हे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे बरोबरच आहे, टीव्हीदेखील चालत नाही. पण पटावरचा एआय म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात झाडाला उलटा लटकून राहणारा, पायाला तीन नख्या असलेला स्लॉथ, आणि त्याचे हे नाव तिथल्या तुपी भाषेतून, त्याच्या ओरडण्यावरून आलेले आहे. एए हा हवाई बेटांवरच्या खडबडीत, ठिसूळ लाव्ह्याचा शब्द, ओई हे फॅरो बेटांजवळचे वावटळीसारखे वारे, झेडओ ही हिमालयातली याक आणि गाय यांची संकरित जात आणि एक्सयू हे व्हिएतनामचे जुने नाणे. यांतले स्वरांचे शब्द, हातात नुसतेच ए, आय आणि ओ साचून राहिलेले असताना फार उपयोगी पडतात.

आपल्या लोकांना या यादीत एक आयता फायदा आहे आणि तो ते क्वचितच घेतात. तुपासाठी घीची दोन स्पेलिंगे, डाळीची निदान तीन, वजनाचे शेर आणि तोळा, टपालाचा डाक, जुना पैसा, फकीर, तलाक हे सगळे शब्द यादीत आहेत, आणि शेवटच्या दोहोंत क्यूला यूची गरजही नाही. पळसाला ढाक या नावाने जागा मिळाली आहे, आणि ज्याच्या मुळांपासून लाल रंग काढत त्या आलालाही: एएच्या पुढे एल ठेवला की आल होतो. मात्र स्पेलिंग कोशात आहे तेच घ्यावे लागते, आपल्या उच्चाराप्रमाणे चालत नाही. (मराठीतून इंग्रजीत गेलेल्या मुंगसाची गंमत अशी की त्याचे इंग्रजी स्पेलिंग आठ अक्षरांचे आहे आणि हातात टाइल सातच असतात.)

पाठांतराला सुरुवात करायची असेल तर क्यू, झेड, एक्स आणि जे यांच्या शब्दांपासून करा. त्यानंतर व्हीकडे पाहा, कारण कॉलिन्सच्या यादीत व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, आणि सीचाही एकच आहे: सीएच, ‘मी’ या अर्थाचा जुना बोलीतला शब्द. व्हीला खेटून समांतर शब्द लावताच येत नाही, म्हणून पट गच्च होण्याआधी तो हातातून काढावा. आणि तुम्ही आघाडीवर असाल तर तिप्पट शब्दगुणांच्या घराकडे जाणारी वाट अडेल असा ठेवावा. माझ्याशी खेळणाऱ्यांना हा दुसरा उपयोग मुळीच आवडत नाही.