पायांची टोकं

२२ जून २०२२, बुधवार. दोन वर्षांच्या खंडानंतर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली होती. दिघीचा रस्ता बंद, लाइनवरची निम्मी माणसं रजेवर, उरलेली उशिरा येणार. भोसरीच्या आमच्या कारखान्यात कार्डांवर चिप बसवणारी एसएमटी लाइन थांबलेली होती, म्हणून माझ्या टेबलापाशी ‘मॅडम, झालं का?’ म्हणत कोणी उभं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण एरवीच्या घाईत नकली चिपचा तो माल माझ्या हातून पास झाला असता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मी इनवर्ड इन्स्पेक्शनला आहे, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासते. डिप्लोमा झाल्यापासून १९ वर्षं हेच काम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आम्ही प्रत्येक चिप तपासतो. तसं नसतं. ५०० नग आले तर सॅम्पलिंगच्या तक्त्याप्रमाणे ५० काढायचे. लेबल, नग, छाप, सर्टिफिकेट हे पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी, ताडून पाहायचं आणि शिक्का मारायचा. चिप खरी की खोटी, हा प्रश्न त्या तक्त्यात नाहीच. तो तक्ता कारखान्यात चुकून राहिलेले दोष शोधायला केलेला आहे, मुद्दाम फसवणाऱ्या माणसाला शोधायला नाही.

माल होता विजेचा बारीक संकेत वाढवणाऱ्या एका १४ पायांच्या चिपचा, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पचा. डिफेन्सच्या एका ग्राहकाच्या कंट्रोल कार्डात तो लागतो. कार्ड पुढे कुठे बसतं हे आम्हाला सांगत नाहीत. ड्रॉइंगवर एवढंच लिहिलेलं, की उणे ४० अंशांना चाललं पाहिजे. आपल्या देशात उणे ४० कुठे असतं आणि तिथे कोण उभं असतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

चिप बनवणाऱ्या कंपनीने तिचं उत्पादन केव्हाच बंद केलेलं. लष्करी उपकरण वीस-वीस, तीस-तीस वर्षं वापरात राहतं आणि त्यातल्या चिपचं उत्पादन मात्र काही वर्षांत थांबतं. नकली मालाचा सगळा धंदा या फटीत उभा आहे. बंद करण्याआधी कंपनी नोटीस काढते, शेवटची खरेदी करून ठेवा म्हणून मुदत देते. तेव्हा आमच्याकडे आणि ग्राहकाकडेही ‘पुढचं पुढे बघू’ झालं. दोन-तीन लाखांचा माल भरून ठेवायला कोणी सही करत नाही, आणि पाच वर्षांनी तोच माल दलालाकडून मिळेल त्या भावाने घ्यायला सगळे तयार होतात. शिवाय कोटेशन तीन मागवायची आणि ज्याचा भाव कमी त्याला ऑर्डर द्यायची. जो माल आता बनतच नाही, तो सर्वांत स्वस्त देणाऱ्याकडून घ्यायचा. या पद्धतीवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

ट्यूबा नीट होत्या. पिशवी सीलबंद, आत आर्द्रतेचं कार्ड, रंग बरोबर. छाप स्वच्छ. डेट कोड १६३३, म्हणजे २०१६ सालचा ३३वा आठवडा. शिकाऊ पोरगी शेजारी बसली होती. म्हणाली, “ताई, किती छान माल आहे ना.” आणि मला तेच खटकलं. सहा वर्षं पडून असलेल्या चिपचे पाय थोडे मंदावतात. हे नव्या भांड्यासारखे लख्ख होते.

मायक्रोस्कोप ४० वर नेला आणि पायांची टोकं बघितली.

इथे जरा थांबून सांगते, कारण हे पुस्तकात सहसा नसतं. कारखान्यात चिपच्या पायांची पट्टी आधी कथिलाने मढवतात आणि नंतर कापून वाकवतात. त्यामुळे पाय जिथे कापला गेला त्या अगदी टोकावर आतलं तांबं उघडं राहतं. नव्या, न वापरलेल्या चिपचं टोक ४० पटींत बघितलं की तिथे तांबूस ठिपका दिसतो, पेरूच्या फोडीत गर दिसावा तसा. माझ्या समोरच्या चिपला तो नव्हता. टोक पूर्ण रुपेरी, गोलसर, थेंब ओघळून थिजल्यासारखं. म्हणजे हे पाय कापल्यानंतर पुन्हा कथिलात बुडवलेले. चिप कधीतरी कुठल्या तरी बोर्डावर लागलेली होती.

मग ५० चे ५० बघितले. त्यातल्या ४१ नगांची टोकं झाकलेली.

चिप उलटी केली. पोटावर साच्यातच देशाचं नाव उठवलेलं असतं. वरचा लॉट नंबर सगळ्यांचा एकच आणि पोटावर मात्र काहींना मलेशिया, काहींना फिलिपिन्स. एका लॉटची चिप दोन देशांत जन्मत नाही. पोरीला दाखवलं. ती बराच वेळ आयपीसला डोळा लावून बसली.

तरी अ‍ॅसिटोनला त्यांनी दाद दिली नाही. कापसाचा बोळा फिरवला, छाप तसाच, बोळा पांढरा. पूर्वी नकली चिपवर अ‍ॅसिटोन लावलं की काळा रंग बोळ्यावर यायचा. आता नकली करणारे शिकले आहेत, लेप पक्का देतात. त्याला वेगळं द्रावण लागतं, शंभर अंशांच्या वर तापवून. ते आमच्याकडे नाही. मी सर्जिकल ब्लेडने एका नगाच्या कडेला हलकं खरवडलं. लेपाची पातळ साल सुटली, आणि खाली समांतर बारीक रेघा, एकाच दिशेने. पॉलिश पेपरच्या. जुनं नाव घासून काढलेलं होतं. पहिल्या पायाची खूण म्हणून जी गोल खळगी असते, ती काही नगांत नखाएवढीही खोल राहिली नव्हती.

क्वालिटीच्या सरांनी माझं ऐकलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तो खरवडलेला धरून चार नग बाहेरच्या लॅबमध्ये गरम द्रावणाला गेले आणि दोन नगांची प्लास्टिकची पाठ नायट्रिक अ‍ॅसिडने जाळून आतली सिलिकॉनची चकती उघडी केली. रिपोर्ट आला: चकती अस्सल, त्याच नामांकित कंपनीची. पण दोन नगांत दोन वेगळ्या पिढ्यांची. द्रावणात लेप सुटल्यावर एका पाठीवर जुन्या नंबराची पुसट सावली उरली होती. कमर्शियल ग्रेडचा नंबर. शून्य ते ७० अंश.

म्हणजे चिप खरी, नाव खोटं. हे लोकांना समजावताना मला सर्वांत जास्त त्रास होतो. नकली म्हटलं की वाटतं आत काहीच नसेल, किंवा ती चालणारच नाही. ती चालते. आम्ही २० नग तपासणीच्या जिगमध्ये लावून थंड-गरम करणाऱ्या चेंबरमध्ये ठेवले. २५ अंशांना वीसच्या वीस पास. उणे ४० ला तीन मर्यादेबाहेर गेले, १७ पास झाले.

परचेसचे साहेब लगेच म्हणाले, “मग छाननी करू. पास होतील ते वापरू. ग्राहकाची डिलिव्हरी या महिन्याची आहे.”

मी म्हटलं, “साहेब, हे नग एकदा कचऱ्यातल्या बोर्डावरून तापवून उपटलेत, मग घासलेत, धुतलेत, पुन्हा कथिलात बुडवलेत. त्यांना किती पाणी लागलंय, किती स्टॅटिकचे झटके बसलेत, हे चेंबर सांगणार नाही. आज पास होईल आणि सहा महिन्यांनी तिकडे बंद पडेल.”

हे मी हवेत बोलत नव्हते. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात ग्वेयू आहे, जगभरचा इलेक्ट्रॉनिक कचरा वर्षानुवर्षं तिथे जात राहिला. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने २०११ साली सुनावणी घेतली, त्यात याचं वर्णन आहे: कचऱ्यातून काढलेले भाग नदीत धुवायचे, रस्त्याच्या कडेला वाळवायचे. २००९ आणि २०१० या दोनच वर्षांत समितीला संशयित नकली भागांची सुमारे १,८०० प्रकरणं सापडली, भागांची संख्या दहा लाखांच्या वर. त्यातलं एक प्रकरण अमेरिकी नौदलाच्या पी-८ए विमानाच्या बर्फ ओळखणाऱ्या यंत्रणेचं. वापरून झालेली चिप नवी म्हणून बसवलेली होती आणि ती जागेवरून निसटून डब्यात खुळखुळत सापडली. आपल्या नौदलाची पी-८आय ही याच विमानाची भावंडं.

त्याहून मला धक्का बसला होता तो अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांचा २०१२ चा अहवाल वाचून. त्यांनी एक बनावट कंपनी काढून इंटरनेटवरून १६ भाग मागवले. एकही अस्सल निघाला नाही. त्यांतले चार नंबर तर त्यांनी मनाने रचलेले होते, असे भाग जगात कुणी बनवलेच नव्हते. तरी ते भाग छाप मारून, पॅक होऊन आले. तुम्ही मागाल ते नाव छापून मिळतं.

आपल्याकडे हे होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी धनुष तोफेची आठवण करून देते. तिच्यासाठी पुरवलेल्या, ‘मेड इन जर्मनी’ छापलेल्या चिनी बेअरिंगबद्दल सीबीआयने २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला. ते बेअरिंग होतं, चिप नव्हती, पण खोट्या नावाची युक्ती तीच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. जुन्या चिपशी माझं वैर नाही. कॉलेजात असताना पासोड्या विठोबापाशी आणि लॅमिंग्टन रोडला काढीव चिप घेऊनच मी प्रोजेक्ट केले. रिपेअरवाला काढीव चिप काढीव म्हणून देतो, भावही तसाच घेतो. त्यात खोट नाही. तिच्यावर नवं नाव, नवी तारीख आणि वाढीव तापमान छापलं, की तो खोटेपणा होतो.

छाननीचा विषय सरांनी बंद केला. माल रिजेक्ट झाला. इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं.

पुढचं अजून मनातून जात नाही. ५०० पैकी ६ नग तपासणीत गेले, उरले ४९४. मी म्हटलं, हे परत द्यायचे नाहीत. सील करून ठेवा किंवा मोडून टाका. या विषयावरची जगभरची मानकं हेच सांगतात, की संशयित नकली माल विक्रेत्याकडे परत पाठवू नका, कारण परत गेलेला माल पुन्हा विकला जातो. परचेसचे साहेब म्हणाले, “ताई, पैसे दिलेत आपण. माल परत केला तर तो क्रेडिट देणार आहे. ठेवून घेतला तर पैसे बुडाले, वर कोर्टकचेरी.” त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्या पीओत तसं कलमच नव्हतं. पोलिसांत जायचं का, हा विषय वरच्या मजल्यावर गेला आणि तिथेच राहिला. ग्राहकाचं नाव त्यात येईल, ही सगळ्यांना भीती.

दलालाची एकच अट होती. माल जसा दिला तसा परत हवा, एकाही नगावर ओरखडा नको.

स्टोअरच्या काकांनी ट्यूबा मोजून भरल्या. रिजेक्शन चलनावर इन्स्पेक्शनची सही लागते. कारणाच्या रकान्यात मी ‘संशयित नकली, पुन्हा छापलेला व वापरलेला माल’ असं लिहिलं. ते बदलून ‘स्पेसिफिकेशनप्रमाणे नाही’ असं लिहायला सांगितलं गेलं. मी अर्धा तास तो कागद तसाच ठेवला. मग लिहिलं आणि सही केली. घरचं कर्ज होतं, मुलगी बारावीला होती, हे सगळं खरं आहे, पण सही मीच केली. गेटपास झाला आणि दुपारी तीनला कुरिअरवाला बॉक्स घेऊन गेला.

त्याआधी एक केलं. पोटावरच्या दोन देशांची नावं, साच्याचे आकडे, कितीची टोकं झाकलेली, हे सगळं वहीत उतरवलं. ओळखीतल्या पाच-सहा कारखान्यांतल्या इन्स्पेक्शनवाल्यांना फोन करून सांगितलं, हा ऑप-अ‍ॅम्प आला तर टोकं बघा. माल रिजेक्ट झाल्यावर तो पुढे कोणाला सांगायचा, याची आपल्याकडे रीत नाही. अमेरिकेत निदान नोंदी ठेवणारी यंत्रणा तरी आहे.

नोव्हेंबरात नाशिकच्या मित्राचा फोन आला. पॉलिटेक्निकचा वर्गमित्र, तिथे अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणाला, “तू सांगितलेलं पार्ट आलंय. टोकं झाकलेली आहेत. पोटावर मलेशिया आणि फिलिपिन्स, दोन्ही मिसळलेले.”

मी विचारलं, “डेट कोड?”

“१८२२.”

आमचा १६३३ होता. म्हणजे एक तर हे दुसरेच कोणाचे, किंवा आमच्याच नगांवरचा लेप काढून पुन्हा घासून नवी तारीख टाकलेली. साच्याचे आकडे वाचून दाखव म्हटलं. त्याने आठ-दहा वाचले. त्यातले तीन माझ्या वहीत होते. पण एका साच्यातून हजारो चिप निघतात, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. एक जरी नग हातात आला असता, तर त्याच्या खळगीची खोली माझ्याकडच्या त्या खरवडलेल्या नगाशी ताडून बघता आली असती.

“दोन-चार नग काढून ठेव,” मी म्हटलं, “मी रविवारी येते.”

तो क्षणभर गप्प राहिला. म्हणाला, “अगं, सकाळीच परत पाठवले.”