जुनी डॅगोर की नवी अपो-सिमार?

लार्ज फॉरमॅटवाल्यांमध्ये, म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या फिल्मवर फोटो काढणाऱ्यांमध्ये, हा वाद कायमचा आहे. जुन्या लेन्सला म्हणे कॅरेक्टर असतं आणि नव्या लेन्सेस नुसत्या शार्प, बाकी निर्जीव. मला हे अर्धंच पटतं. माझ्या ४×५ फील्ड कॅमेऱ्यावर दोन लेन्सेस आलटून पालटून लागतात, एक सहा इंची गोर्ट्झ डॅगोर, अजिबात कोटिंग (काचेवरचा परावर्तन रोखणारा पातळ थर) नसलेली, आणि दुसरी श्नायडरची १५० एमएम अपो-सिमार, आणि एफ २२ वर काढलेल्या दोघींच्या निगेटिव्ह लाईट टेबलवर शेजारी ठेवल्या की मधल्या भागात लूप (भिंग) लावूनही कुठली कुणाची हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढ्या बारीक ॲपर्चरला डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) दोघींनाही लगाम घालतं, शिवाय ४×५ वरून ११×१४ चा प्रिंट म्हणजे जेमतेम पावणेतीन पट मोठं करायचं, ३५ एमएमला तेच दहा-अकरा पट होतं. त्यामुळे शार्पनेसवरून भांडायचं असेल तर खुशाल भांडा, मी त्यात नाही.

फरक दिसतो तो फ्रेममध्ये आभाळ आलं की. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर काळ्या दगडाचं देऊळ, वर झाडाची गच्च सावली आणि मागे ढगाळ पांढरंफेक आभाळ, अशा ठिकाणी डॅगोरच्या सावल्यांवर एक हलका पडदा चढतो. सिमारमध्ये दगड काळा तो काळाच. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून ४-५ टक्के प्रकाश परत फिरतो आणि त्यातला काही आतल्या आत उड्या मारत शेवटी फिल्मवरच येऊन पडतो. आता गंमत बघा, एमिल फॉन ह्योगने १८९२ च्या सुमारास डॅगोर बनवली तेव्हा तीन-तीन काचा चिकटवून दोन गट केले, म्हणजे काचा सहा पण हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त चार. म्हणूनच ती कोटिंगशिवायही इतकी बरी वागते. पुढे पॉल रुडॉल्फने (टेसार ही प्रसिद्ध लेन्स काढणारा तोच) १९१८ मध्ये प्लाझमॅट या लेन्स-रचनेचं पेटंट घेतलं. ढोबळमानाने सांगायचं तर डॅगोरच्याच दोन्ही गटांतली आतली काच सुटी केली, सुधारणांना वाव मिळाला, पण पृष्ठभाग झाले आठ. कोटिंग नाही तर तीसेक टक्के प्रकाश तिथेच गेला. १९३५ मध्ये झाइस या जर्मन लेन्स कंपनीतल्या स्माकुलाने कोटिंग आणलं आणि मग या डिझाइनचं नशीब उघडलं. अलीकडची अपो-सिमार, अपो-सिरोनार, निकॉर-डब्ल्यू, सगळ्या मुळात प्लाझमॅटच! म्हणजे ज्याला आपण मॉडर्न म्हणतो त्याचं डिझाइन शंभर वर्षांपूर्वीचं आहे, नवं आहे ते काचेवरचं कोटिंग, चांगल्या काचा आणि शटर.

तो पडदा दरवेळी वाईटच असतो असंही नाही हं. ऐन उन्हात, जिथे सावल्या पार मरतात, तिथे तो थोडा उजेड सावलीत ढकलतो, मी डेव्हलपिंग थोडं वाढवून कॉन्ट्रास्ट परत मिळवतो आणि प्रिंट छान येतो. फक्त डॅगोर वापरताना फोकस ज्या ॲपर्चरला फोटो काढणार त्याच्या जवळपास तपासायचा, कारण बंद करत गेलं की फोकस सरकतो. ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागची दुधी काच) अंधार होतो, डोळे फुटतात, पण इलाज नाही.

देवळाच्या शिखरासाठी मात्र मोठं इमेज सर्कल (लेन्स फिल्मवर टाकते तो चित्राचा गोल) लागतं. ४×५ फिल्मचा कर्ण साधारण १५३ एमएम, अपो-सिमारचं सर्कल एफ २२ ला २२० एमएम, म्हणजे उभ्या फ्रेममध्ये पुढचा स्टँडर्ड (लेन्सची चौकट) चारेक सेंटीमीटर वर उचलता येतो, कॅमेरा वर वाकवावा लागत नाही आणि शिखर सरळ उभं राहतं. याच फोकल लेंग्थची जुनी टेसार घेतलीत तर फिल्म कशीबशी झाकली जाते, उचललं की कोपरे काळे. (मोठ्या सर्कलचा तोटापण आहे, जास्तीचा उजेड बेलोजच्या (कॅमेऱ्याच्या भात्याच्या) आत आपटतो, तेव्हा हूड लावाच.)

शटरबद्दल थोडक्यात. जुन्या कॉम्पुर शटरचा एक सेकंद कधी दीड होतो, ब्लॅक अँड व्हाइटला चालून जातं, स्लाइड फिल्मला नाही. जुनी शटर्स नीट साफ करून देणारे कारागीर आता शोधावे लागतात, आणि कोपाल या जपानी कंपनीने अशी शटर्स बनवणंच बंद केलंय, त्यामुळे नव्या लेन्सलाही सेकंडहँडच बाजार आहे.

पोर्ट्रेटला मात्र मी डोळे झाकून जुनी लेन्स घेईन. १८४० ची पेट्झवाल ही पोर्ट्रेट लेन्सची रचना, एफ ३.६ च्या आसपास, डोळे शार्प आणि कानापासून पुढे सगळं विरघळत जातं. हे सिमारच्या एफ ५.६ ला जमत नाही. पितळी पेट्झवालला शटर नसतं, झाकण काढायचं, परत लावायचं, इतकं झटपट हाताला जमत नाही, म्हणून १०० आयएसओची फिल्म उजेडात निरुपयोगी. त्याऐवजी फोटो पेपरच निगेटिव्ह म्हणून फिल्म होल्डरमध्ये घाला, ६ आयएसओ धरा आणि माणसाला खिडकीशी बसवा, एक्सपोजर सेकंदाच्या घरात येतं. चोर बाजारात अशी लेन्स दिसली तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघा, बुरशी आणि काचांचा सुटलेला जोड लगेच दिसतो. बारीक चरे असले तर भाव पाडायला वापरा, फोटोत ते दिसत नाहीत.