क्लाउडफ्लेअर वर्कर्सवर ग्राफक्यूएल सर्व्हर उभारताना

गेल्या महिन्यात मी माझा छोटा ग्राफक्यूएल (हवी तेवढीच माहिती मागता येणारी प्रश्नभाषा) सर्व्हर भाड्याच्या यंत्रावरून क्लाउडफ्लेअर वर्कर्सवर, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरांवर आपला कोड चालवणाऱ्या सेवेवर, हलवला. येथे प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होत नाही. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ इंजिनाच्या एकाच प्रक्रियेत अनेक ‘आयसोलेट’ (कोडचे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे) शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे सुरुवातीचा विलंब अगदी नगण्य राहतो. स्थापना सोपी आहे: रँग्लर या क्लाउडफ्लेअरच्या आज्ञा-साधनाने प्रकल्प तयार करायचा, ग्राफक्यूएल योगा या सर्व्हर-लायब्ररीची जोड द्यायची आणि प्रकाशनाची आज्ञा द्यायची.

खरा विचार करावा लागतो तो वेळेचा. मोफत योजनेत प्रत्येक विनंतीला प्रोसेसरचा १० मिलिसेकंद वेळ मिळतो. बाहेरच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही, परंतु प्रत्येक विनंतीत स्कीमा (कोणती माहिती मागता येते याचा आराखडा) नव्याने बांधली, तर तो खर्च मात्र धरला जातो. म्हणून स्कीमा कोडच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर, विनंती हाताळणाऱ्या फंक्शनबाहेर, एकदाच बांधावी. याउलट डेटालोडर (माहितीच्या मागण्या एकत्र करून त्यांची उत्तरे लक्षात ठेवणारे साधन) मात्र प्रत्येक विनंतीसाठी नवाच घ्यावा, कारण आयसोलेट पुन्हा वापरला जातो आणि एका वापरकर्त्याची माहिती दुसऱ्याच्या उत्तरात जाण्याचा धोका असतो. एकच डेटालोडर सर्व विनंत्यांना वापरण्याची ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

कॅशबाबतही (उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्याबाबतही) सावध राहावे लागते. ग्राफक्यूएलच्या विनंत्या बहुधा पोस्ट पद्धतीने (प्रश्न विनंतीच्या मजकुरात पाठवून) येतात, तर वर्कर्सची कॅश केवळ गेट पद्धतीच्या (पत्त्यावरून माहिती मागणाऱ्या) विनंत्यांची उत्तरे साठवते. त्यामुळे मी प्रश्न आणि त्याची चले यांचा एकत्रित हॅश (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण) काढून त्यापासून गेटचा पत्ता तयार करतो आणि सार्वजनिक उत्तरे तेवढीच त्याखाली ठेवतो.