सकाळची मूठ

सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी मी पांघरुणातच दोन्ही हातांच्या मुठी वळून पाहत असे. मूठ पूर्ण वळली आणि बोटांची टोके तळहाताला टेकली, तर दिवस बरा जाणार. बोटे मध्येच अडली, तर आज काय काय जमणार नाही याची यादी अंथरुणातच सुरू होई: कुकरचे झाकण लागणार नाही, पोळ्या लाटता येणार नाहीत, फळ्यावर लिहिता येणार नाही, रजा किती शिल्लक आहेत, आणि या यादीच्या शेवटी नेहमी तेच एक चित्र येई, वाकड्या झालेल्या बोटांची, दुसऱ्याच्या हाताने जेवणारी मी. हे सगळे तीन-चार मिनिटांत घडे, आणि उठून उभी राहीपर्यंत छाती धडधडू लागलेली असे. मला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असल्याचे निदान २०१६ मध्ये झाले. सांध्यांच्या दुखण्याविषयी मी तेव्हापासून अनेकांशी बोलत आले आहे. या धास्तीविषयी मात्र फार उशिरा बोलले, आणि तो उशीर मला महागात पडला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कराडच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. निदान झाले तेव्हा मी ३८ वर्षांची होते. सुरुवात तळपायांपासून झाली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की फरशीवर कोणी गोटे पसरून ठेवले आहेत असे वाटे. मग दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. पहिले आठ महिने ‘वात आहे’, ‘कॅल्शियम कमी आहे’, ‘आंबट खाऊ नका’ यांतच गेले. त्या काळात कोणाच्या तरी सांगण्यावरून एका ठिकाणच्या पुड्या आणल्या. दोन दिवसांत दुखणे नाहीसे झाले आणि पुड्या संपताच दुपटीने परत आले. अशा नाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, हे मला नंतर पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी सांगितले. त्यांनी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या केल्या आणि आजार समजावून सांगितला: शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरच्या शत्रूऐवजी स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. हा आजार मुळापासून जात नाही, पण वेळेवर उपचार केले तर आटोक्यात राहतो.

मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फक्त शनिवार’ असे लिहून त्याभोवती लाल गोल काढला होता. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, सुरुवातीचे काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि ठरावीक काळाने रक्त व यकृत यांच्या तपासण्या. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला दीड-दोन महिने लागतात, आणि तो दिसलाही. पण वर्षभरात असे झाले की शनिवारी संध्याकाळी त्या पिवळ्या गोळ्यांची पट्टी नुसती हातात घेतली तरी पोटात ढवळू लागे. गोळी अजून गिळलेलीही नसे. मी हे कोणाला सांगितले नाही, कारण ‘मनाचे खेळ’ असे ऐकावे लागेल याची मला भीती होती. पुढे कधीतरी डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की हे अनेक रुग्णांना होते, आणि त्यांनी गोळीऐवजी त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन सुरू केले. ते मला मानवले.

२०१८ च्या दिवाळीआधी मी दोन दिवस सोऱ्या फिरवून चकल्या केल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही मनगटे आणि उजवा गुडघा असे सुजले की नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी तांब्या उचलता आला नाही. सासूबाईंनी मला न्हाऊ घातले. आजार असा उफाळून येतो त्याला डॉक्टर ‘फ्लेअर’ म्हणतात. तो फ्लेअर सहा आठवडे चालला. प्रेडनिसोलोन वाढवावे लागले, आणि ते मी आपल्या मनाने रात्रीच्या जेवणानंतर घेत होते. या औषधाने झोप उडते आणि मन बेचैन होते, म्हणून ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी छताकडे पाहत पडून राही आणि समजे की माझाच धीर सुटत चालला आहे.

सूज उतरली तरी भीती उतरली नाही. चकल्यांमुळेच हे झाले, अशी माझी खात्री पटली होती. मग मी पोळपाट सोडला, शिवणयंत्र सोडले, सासूबाईंबरोबर पंढरपूरला जायचे ठरले होते ते रद्द केले, स्नेहसंमेलनाची जबाबदारी नाकारली. दिवसातून कितीतरी वेळा मी बोटांचे पेर दाबून पाहत असे, कोठे दुखते का. इतक्यांदा दाबल्यावर कोणतेही बोट दुखेलच, हे तेव्हा लक्षात येत नव्हते. फोनमध्ये मनगटांची छायाचित्रे काढून मी काल आणि आज यांची तुलना करी. एकदा मुलीने फोन हातात घेतला तेव्हा तिला तशी चारशेहून अधिक छायाचित्रे दिसली. ती काही बोलली नाही. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.

मार्च २०१९ मध्ये दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत असताना उजव्या अंगठ्यात एक कळ आली. ती साधी होती, लिहून लिहून येते तशी. पण क्षणात हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आपण आता कोसळणार असे वाटले. सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेले. ईसीजी व्यवस्थित आला. ‘काही झालेले नाही’ असे सांगून मला घरी पाठवण्यात आले, आणि त्या ‘काही नाही’ने मला अधिकच एकटे वाटले.

पुढच्या भेटीत संधिवाततज्ज्ञांनी नेहमीप्रमाणे सांधे दाबून पाहिले, रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, “मॅडम, सांधे चांगले आहेत. आता दुखणे सोडून बाकीचे सांगा. झोप लागते का?” या प्रश्नावर मला रडू कोसळले. त्यांनी पाणी दिले आणि मग जे सांगितले ते मला तीन वर्षांपूर्वीच कळायला हवे होते: या आजारात चिंता आणि नैराश्य इतर लोकांपेक्षा अधिक आढळते, शरीरातल्या दाहाचा परिणाम मनावरही होतो, आणि त्यावरचे उपचार हा संधिवाताच्याच उपचारांचा भाग आहे. त्यांनी मला साताऱ्यातील एका मानसोपचारतज्ज्ञांचे नाव दिले. घरी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, चार दिवस रजा काढ, विश्रांती घे. डोक्याच्या डॉक्टरकडं कशाला? लोक काय म्हणतील?” त्यांना माझी काळजीच वाटत होती, हे मला तेव्हाही समजत होते. नवऱ्याने मात्र दुसऱ्याच दिवशी फोन करून वेळ घेतली.

औषधाची गरज आहे का हे मानसोपचारतज्ज्ञांनी आधी पाहिले, आणि मग त्यांच्याच दवाखान्यातील समुपदेशक बाईंकडे मी साडेचार महिने, दर पंधरा दिवसांनी गेले. त्यांनी मला ‘घाबरू नका’ असे एकदाही सांगितले नाही. त्यांनी एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. भीती वाटली की डाव्या पानावर तारीख, वेळ, कोणता सांधा आणि ‘मला काय होईल असे वाटते’ ते लिहायचे. उजवे पान कोरे ठेवायचे आणि तीन दिवसांनी तेथे प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे. पहिली नोंद अशी होती: ‘डावे मनगट. उद्या अंथरुणातून उठता येणार नाही.’ तीन दिवसांनी उजवीकडे मी लिहिले: ‘दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सहा तास घेतले.’ सात आठवड्यांत ३१ नोंदी झाल्या, आणि त्यांपैकी खरा फ्लेअर ठरल्या फक्त दोन. उरलेल्या २९ वेळा मी जे सोसले ते कधी आलेच नव्हते. माझ्याच अक्षरातली ती २९ पाने वाचताना मला जे वाटले ते सांगणे कठीण आहे. स्वतःची फार दया आली, एवढेच म्हणता येईल.

ती वही घेऊन मी पुण्याला गेले. त्या दोन खऱ्या नोंदी इतरांहून वेगळ्या कशा होत्या, हे डॉक्टरांनी माझ्याबरोबर बसून पाहिले आणि मला तीन प्रश्न दिले. सकाळचा ताठरपणा एक तासाहून अधिक टिकतो का? दुखणे दोन्ही बाजूंच्या त्याच सांध्यांत आहे का? सांधा डोळ्यांना सुजलेला आणि हाताला गरम लागतो का? कामाच्या ताणाने दुखलेला सांधा बहुधा एका बाजूचा असतो आणि विश्रांतीने निवळत जातो. हे प्रश्न माझ्या आजाराच्या पद्धतीवरून काढलेले आहेत, दुसऱ्या कोणाचे वेगळे असतील. समुपदेशक बाईंनी त्यांत आणखी एक नियम घातला: सांध्यांची तपासणी दिवसातून एकदाच, सकाळी नऊ वाजता, उभ्याने, पाच मिनिटे. अंथरुणात मूठ वळायची नाही. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण पहिले पंधरा दिवस मी उशीच्या अभ्र्यात हात अडकवून झोपत असे, कारण जाग येताच हात आपोआप वळत.

याची खरी परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. जनता कर्फ्यू झाला, त्याच सुमारास करोना रुग्णांची सेवा करणाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन देण्याची शिफारस झाली, आणि जे औषध मी रोज घेत होते ते दुकानांतून दिसेनासे झाले. दहावीचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला गेला होता, शाळा बंद होती, आणि माझ्या डब्यात अकरा गोळ्या होत्या. औषधवाले म्हणाले, “बाई, मालच येत नाही, आम्ही तरी काय करणार?” महिनाअखेरीस सरकारने या औषधाच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले, तेव्हा ज्यांच्याकडे चिठ्ठी आहे त्यांना तरी ते मिळेल अशी आशा वाटली. मधल्या त्या दिवसांत मी डाव्या पानावर लिहिले: ‘गोळ्या संपतील आणि आठवडाभरात हात जातील.’ मग डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितले की हे औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, काही आठवड्यांचा खंड पडला तरी लगेच फ्लेअर येईल असे नाही, आणि मुख्य औषध तर चालूच आहे. एवढी एक माहिती मला कोणत्याही दिलाशापेक्षा अधिक उपयोगी पडली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या औषधवाल्यांनी दोन पट्ट्या राखून ठेवल्या. मध्ये नऊ दिवस गोळी नव्हती. उजव्या पानावर लिहिण्यासारखे काही घडले नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये तापाची साथ आली. मलाही ताप आला, आणि डॉक्टरांना विचारून त्या आठवड्याचे इंजेक्शन टाळले. पंधरवड्याने दोन्ही मनगटे सुजली. सकाळी नऊ वाजता तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘हो’ अशी होती. कपाटाच्या दाराला आतून डॉक्टरांच्या हस्ताक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे: फ्लेअर आला तर कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस, कोणत्या तपासण्या आणि कोणत्या लक्षणाला ताबडतोब फोन. मी तो उभ्या उभ्या वाचला आणि त्याप्रमाणे केले. सासूबाई पहाटे पातेल्यात पाणी कोमट करून ठेवीत. त्यात हात बुडवून मी दहा मिनिटे बसे आणि त्या शेजारी बसून भाजी निवडत. शाळेत मी नववीच्या मुलांना फळ्यावर लिहायला उठवू लागले, एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारी, “बाई, फळा पुसू का?” रात्री भीती येई, पूर्वीसारखीच, दोनच्या सुमारास. फरक एवढाच होता की मी दिवा लावून ती लिहून काढी आणि पुन्हा आडवी होई. कधी झोप लागे, कधी नाही. सतराव्या दिवशी कुकरचे झाकण माझ्या हाताने लागले.

गेल्या महिन्यात पुण्याला गेले तेव्हा डॉक्टरांनी कपाटातल्या कागदात थोडा बदल करून नवा लिहून दिला, आणि जुना मी वहीत चिकटवून ठेवला. ही माझी तिसरी वही आहे. तिच्यातल्या नोंदी आता महिन्याला दोन-तीनच असतात. काही महिने अधिक. आज पहाटेपासून पाऊस आहे आणि उजवे मनगट जरा जड वाटते आहे. ते नऊ वाजता पाहायचे आहे.